‘स्वतःच्या जबाबदारीवर’: आवारात पाहुण्याला इजा झाली तर भरपाई कुणाच्या गळ्यात?

मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांच्या गेटवर एक पाटी असते: ‘आवारात येणाऱ्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर यावे.’ ती रंगवणाऱ्याला मजुरी मिळते, एवढाच तिचा खात्रीचा उपयोग. तुटक्या पायरीवरून कुरिअरवाला पडून त्याचा खुबा मोडला, तर कोर्टात या पाटीवर कुणी फार वेळ घालवत नाही. पायरी कधी तुटली, कुणाला माहीत होतं आणि माहीत झाल्यावर काय केलं, हे तीन प्रश्न आधी येतात. पाटीला थोडीफार किंमत येते ती धोका नेमका सांगितला तरच. ‘दुसऱ्या मजल्यावरची पायरी तुटली आहे, कठड्याच्या बाजूनं चढा’ असं लिहून तिथे दोरी बांधली आणि दिवा चालू ठेवला, तर ती काळजी घेतल्याची खूण. मोघम पाटी ही हात झटकल्याची खूण.

इंग्लंडमध्ये जागेच्या ताबेदाराच्या जबाबदारीचा स्वतंत्र कायदा १९५७ पासून आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही. जे चालतं ते टॉर्टच्या, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान केल्यावर भरपाई द्यायला लावणाऱ्या अपकृत्यांच्या कायद्याच्या तत्त्वांवर आणि न्यायनिवाड्यांवर. त्याला फौजदारी कलमांची, लिफ्ट, आग, झाडं, महापालिका अशा निरनिराळ्या कायद्यांची जोड. त्यामुळे ‘कुठल्या कलमाखाली?’ या प्रश्नाला एका ओळीत उत्तर मिळत नाही आणि कमिटीतले लोक नेमके तिथेच निर्धास्त होतात.

नाव कुणाचं, ताबा कुणाचा

प्रॉपर्टी कार्डावर नाव कुणाचं, हा पहिला प्रश्न वाटतो. पण वजन पडतं ते ताबा आणि नियंत्रणाचं. मुंबईत असंख्य सोसायट्यांचं कन्व्हेअन्स झालेलं नाही, जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर आहे. ‘जमीन आमची नाहीच’ हा बचाव मात्र टिकत नाही. जिन्याचे दिवे कोण लावतं, लिफ्टचं एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट, कोण देतं, वॉचमनचा पगार कोण करतं? तेच उत्तर.

फ्लॅटच्या आत सदस्य जबाबदार. बाहेरच्या भिंती, गच्ची, जिना, सामाईक पाइप सोसायटीचे. भाड्यानं दिलेल्या फ्लॅटमध्ये सांडलेलं तेल भाडेकरूचं, पण गंजलेल्या सळयांमुळे कोसळलेलं छत मालकाचं. आणि वरच्या गच्चीच्या गळतीची तक्रार सोसायटीकडे पडून असेल तर सोसायटीचंसुद्धा. खिडकीबाहेरच्या एसीच्या आउटडोअर युनिटचा वाद हमखास होतो. दीड टनाचं युनिट तीस-पस्तीस किलोचं असतं आणि खाऱ्या हवेत त्याचा साधा लोखंडी ब्रॅकेट काही पावसाळ्यांत खलास होतो. तो सदस्याचा. पण कमिटीनं तो लोंबकळताना पाहून नोटीस दिली नसेल, तर दाव्यात दोन्ही नावं येतात. बॉक्स ग्रिलवरच्या कुंड्यांचंही तेच.

पागडीच्या इमारतीत गुंता वेगळा. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ प्रमाणे दुरुस्ती मालकाची. त्यानं केली नाही तर किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूंनी स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना २०० रुपये भाडं असेल तर ही रक्कम होते वर्षाला ६०० रुपये. तेवढ्यात छज्जाखालच्या परांचीचे बांबूसुद्धा येत नाहीत. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींत म्हाडाचं दुरुस्ती मंडळ येतं, म्हणून मालक आणि भाडेकरू दोघेही त्याच्याकडे बोट दाखवून मोकळे होतात. ज्याच्या डोक्यात प्लास्टर पडलं, तो मात्र तिघांवरही दावा लावू शकतो. अशा इमारतीत भाडेकरूंनी मालकाला स्पीड पोस्टानं नोटीस आणि मंडळाच्या विभागीय कार्यालयात पोच घेऊन अर्ज, हे दोन कागद तरी करून ठेवावेत.

आत कोण आलं होतं

जुन्या इंग्रजी तत्त्वात आलेल्या माणसाचे तीन प्रकार: कामासाठी बोलावलेला, नुसत्या परवानगीनं आलेला आणि न विचारता घुसलेला. पहिल्याची काळजी सर्वांत जास्त, तिसऱ्याची सर्वांत कमी. डिलिव्हरी बॉय, घरकामाच्या बाई, मीटर रीडर, गणपतीच्या दर्शनाला आलेला शेजारच्या बिल्डिंगमधला माणूस, सगळे पहिल्या दोन प्रकारांत येतात. व्यवहारात कसोटी एकच उरते: शहाण्या माणसानं जेवढी काळजी घेतली असती तेवढी घेतली का?

घुसखोराबद्दल एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे: ‘चोरून आला, मेला, आमचा काय दोष?’ सर्वोच्च न्यायालयानं १९६३ च्या चेरुबिन ग्रेगरी खटल्यात यावर स्पष्ट बोट ठेवलं. बिहारमधल्या एका घरमालकानं शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर विजेचा प्रवाह सोडलेली उघडी तार लावली, ती लागून शेजारची बाई मेली. ती परवानगीविना आली होती, तरी मालकाची शिक्षा कायम झाली. कंपाउंडच्या भिंतीवर काचा लावणं वेगळं. त्या दिसतात आणि जीव घेत नाहीत. दिसणार नाही असा सापळा लावणं गुन्हा. कर्जत-अलिबागला फार्महाउस घेतलेल्या मुंबईकरांनी हे लक्षात ठेवावं. रानडुकरांसाठी घरच्या लाइनवरून थेट तार ओढण्याचा ‘जुगाड’ गावातला वायरमन सहज करून देतो.

मुलांसाठी मोजमाप आणखी कडक. मोठ्या माणसाला जो धोका दिसतो, तो मुलाला खेळ वाटतो. मार्च २०२४ मध्ये वडाळ्याच्या महर्षी कर्वे उद्यानात पाण्याच्या उघड्या टाकीत पडून दोन लहान भाऊ बुडाले आणि उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. ते उद्यान महापालिकेचं होतं, पण तशीच टाकी सोसायट्यांच्या पार्किंगमध्येही असते. तिच्या झाकणाची तीन दुखणी: गंजून पातळ झालेला पत्रा, टँकरवाल्यानं पाइप सोडून तसंच ठेवलेलं तोंड आणि ‘तात्पुरतं’ टाकलेलं प्लायवूड. झाकण जाड लोखंडी किंवा एफआरपीचं (फायबरच्या प्लास्टिकचं), कुलूप असलेलं हवं. टँकर गेल्यावर कुलूप लावून वॉचमननं रजिस्टरमध्ये वेळ लिहावी. गच्चीचा कठडा एक मीटरपेक्षा कमी नको आणि जाळीच्या गजांमध्ये चार इंचांपेक्षा जास्त फट नको. लहान मूल तेवढ्यातून सरकतं.

वरून पडणाऱ्या गोष्टी

या शहरात पाहुण्याला सर्वांत मोठा धोका डोक्यावरून असतो. खारी दमट हवा काँक्रीटच्या कव्हरमधून सळईपर्यंत पोचते, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आतून दाब येऊन कव्हर फुटतं आणि पापुद्रा सुटतो. आधी सळईच्या रेषेत उभी किंवा आडवी चीर दिसते, मग तपकिरी डाग, मग फुगवटा. हलक्या हातोडीनं वाजवलं की भरीव आवाजाऐवजी बद्द आवाज येतो. असा भाग पावसाळ्यापूर्वी पाडून घ्यायचा. वरून पांढरा हात फिरवला तर तडा झाकला जातो, आणि नंतर ‘दोष लपवला’ असं म्हणायला समोरच्या वकिलाला फुकट जागा मिळते. भिंतीतून उगवलेला पिंपळ नुसता छाटून भागत नाही. मूळ काढून खाच भरावी लागते.

रस्त्याच्या किंवा फुटपाथच्या कडेला असलेल्या इमारतीची जबाबदारी आणखी जड. दिल्लीच्या चांदनी चौकातला घड्याळाचा मनोरा १९५१ मध्ये कोसळून माणसं मेली. तो सुमारे ८० वर्षांचा होता, आणि वापरलेल्या चुन्याच्या मसाल्याचा विचार करता वरच्या मजल्याचं आयुष्य ४०-४५ वर्षांचंच होतं. १९६६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं दोन गोष्टी मान्य केल्या. रस्त्यालगतच्या बांधकामाचा मालक दोष दिसणारा असो वा लपलेला, जबाबदार. आणि मनोरा आपोआप पडत नाही, म्हणून निष्काळजीपणा नव्हता हे दाखवायचं ओझं मालकावर. दादर-गिरगावच्या फुटपाथवर झुकलेल्या जुन्या सज्जांखालून रोज किती लोक जातात, हे पाहिलं की या निकालाचं वजन कळतं.

स्ट्रक्चरल ऑडिटची वेळापत्रकं दोन आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे ३० वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीला नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनियरकडून तपासणी करून प्रमाणपत्र द्यावं लागतं. सोसायटीच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला ५ वर्षांतून एकदा आणि त्यावरच्या इमारतीला ३ वर्षांतून एकदा ऑडिट सांगितलं आहे. अहवालात इमारत सी-१, सी-२ए, सी-२बी किंवा सी-३ वर्गात बसते. सी-१ म्हणजे तातडीनं रिकामी करून पाडण्याजोगी.

ऑडिट न करणं वाईटच. पण ऑडिट करून अहवाल कपाटात ठेवणं त्याहून वाईट. ‘पश्चिमेचा छज्जा धोकादायक’ असं इंजिनियरनं लिहून दिलं, सर्वसाधारण सभेत वर्गणीवरून भांडण झालं, विषय पुढे ढकलला आणि आठ महिन्यांनी छज्जा पडला, तर सभेचं इतिवृत्तच फिर्यादीचा पुरावा होतं. पैसे जमत नसतील तर छज्जाखाली मजबूत जाळी, तात्पुरते टेकू आणि खालची जागा बंद, एवढं त्याच आठवड्यात करता येतं. ते केल्याची तारीख टाकलेली चार छायाचित्रं पुढे फार कामी येतात.

आतल्या ‘रिनोव्हेशन’कडेही कमिटीचं लक्ष हवं. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ जण मेले. तळमजल्यावरच्या कामात आधाराच्या खांबांना हात लावल्याचा आरोप होता. १३ मे २०२४ च्या घाटकोपर होर्डिंग दुर्घटनेतही १७ जण गेले. तिथे जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, फलक खासगी कंपनीचा, आकार १२० बाय १२० फूट आणि महापालिकेची मर्यादा ४० बाय ४०. गच्चीवर होर्डिंग किंवा मोबाइल टॉवर भाड्यानं देणाऱ्या सोसायट्यांनी यातून एवढं घ्यावं: भाडं घेतलं की चौकशीत नाव येतं. स्थिरतेचा दाखला, परवान्याची प्रत आणि कंपनीची थर्ड पार्टी (बाहेरच्या माणसाच्या नुकसानीची) पॉलिसी दर वर्षी मागून घ्या.

नारळ हा खास मुंबईचा विषय. आवारातल्या झाडाची निगा जागेच्या ताबेदाराची; पण १९७५ च्या झाडांच्या कायद्यामुळे फांदीलाही परवानगी लागते. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला रस्त्यानं जाणाऱ्या महिलेवर नारळाचं झाड कोसळून ती दगावली. ते तोडायची परवानगी आधी मागितली होती आणि मिळाली नव्हती. उलट राजकोटच्या एका प्रकरणात रस्त्याकडेचं झाड पडून माणूस मेला, तरी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या महापालिकेला जबाबदार धरलं नाही. अचानक पडलेलं झाड आणि पोकळ खोड दिसत असताना पडलेलं झाड, यांत फरक आहे. म्हणून मार्च-एप्रिलमध्येच वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्यात लेखी अर्ज, खोडाच्या पोकळीचा फोटो आणि पोच. नकार आला तर तोही जपून ठेवा. सुकलेल्या झावळ्या आणि पिकले नारळ वेळच्या वेळी उतरवून घ्या, आणि त्याखाली पाहुण्यांचं पार्किंग ठेवू नका.

लिफ्ट, पंप रूम, ओली फरशी

लिफ्टचे अपघात दोर तुटून क्वचितच होतात. ते होतात दारात. मजल्यावरचं दार उघडतं आणि आत लिफ्टच नसते, कारण दाराचं इंटरलॉक (दार उघडं असताना लिफ्ट हलू न देणारी कळ) नादुरुस्त असताना मेकॅनिकनं त्याला वायरचा जंपर मारून लिफ्ट ‘चालू करून दिलेली’ असते. हा जंपर पकडण्याचा उपाय सोपा आहे: महिन्याच्या सर्व्हिसनंतर मेकॅनिकसमोर बाहेरचं दार उघडं ठेवून आतून बटण दाबा. लिफ्ट हलली तर तिथल्या तिथे बंद करा. दुसरी गोष्ट लेव्हलची. लिफ्ट मजल्यापेक्षा इंचभर वर-खाली थांबते आणि म्हातारी माणसं अडखळतात. तिसरी, अडकलेल्याला काढायची चावी न शिकवलेल्या वॉचमनच्या हातात. त्यानं दोन मजल्यांच्या मध्ये दार उघडलं, माणूस उडी मारायला गेला आणि खालच्या पोकळीत पडला, हे घडतं. वॉचमननं करायचं एवढंच: मुख्य स्विच बंद, आतल्याशी बोलत राहणं, मेकॅनिक आणि १०१ ला फोन. लिफ्टला राज्याच्या लिफ्ट निरीक्षकाचा परवाना आणि ठरलेली तपासणी लागते. अपघात झाला तर निरीक्षकाला कळवायचं आणि त्याच्या परवानगीशिवाय ती परत सुरू करायची नाही. ‘लोकांची गैरसोय होते’ म्हणून संध्याकाळीच चालू केली, तर पुरावा नष्ट केल्याचा संशय अंगावर.

पंप रूममध्ये पाणी आणि वीज एकत्र. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच, लावा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. बटण दाबून ट्रिप होत नाही तो आरसीसीबी नुसता शोभेचा. दांडियाच्या आणि गणपतीच्या रोषणाईला वेगळी, अर्थिंग असलेली लाइन द्या. लोखंडी कमानीला गुंडाळलेली, जोड दिलेली वायर पावसात जीव घेते.

लॉबीत पॉलिश ग्रॅनाइट बसवणाऱ्यांना जुलै आठवत नाही. पायपुसणं, खडबडीत पट्टी आणि सफाईच्या वेळी ओल्या फरशीचा फलक, एवढं पुरतं.

आगीसाठी २००६ च्या राज्य कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं फॉर्म ‘बी’ प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा द्यावं लागतं. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात १३ जून १९९७ ला ५९ माणसं मेली, कारण धूर भरला आणि बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या. भरपाईचा ८५ टक्के भार सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये थिएटरच्या चालकावर ठेवला, १५ टक्के वीज मंडळावर. आपल्या जिन्यात ठेवलेल्या सायकली आणि जुनी कपाटं तेच काम करतात.

रंगाऱ्याच्या झुल्याला बसायच्या दोरीखेरीज वेगळी लाइफलाइन हवी, आणि तिची गाठ गंजक्या पाइपला नको. कंत्राटदाराच्या कामगार पॉलिसीवर आपल्या इमारतीचा पत्ता, कामगारांची संख्या आणि तारखा आहेत का, हे वाचा. दुसऱ्याच साइटची झेरॉक्स देणं हा नेहमीचा प्रकार. ‘अपघाताची जबाबदारी कंत्राटदाराची’ हे कलम तुमच्या दोघांत चालतं, जखमी माणसाला ते बांधत नाही. आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायचाच नाही. २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई ३० लाख केली.

रक्कम कशी निघते

मृत्यूच्या दाव्यात मोटार अपघातांसाठी सर्वोच्च न्यायालयानं ठरवलेली पद्धत इतर प्रकरणांतही मार्गदर्शक धरली जाते. समजा ३५ वर्षांचा, स्वतःचा धंदा असलेला इलेक्ट्रिशियन, महिना ३०,००० कमाई, घरात चार अवलंबून. वर्षाचे ३,६०,०००. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवून ५,०४,०००. स्वतःवरचा एक चतुर्थांश खर्च वजा करून ३,७८,०००. त्या वयाचा गुणक, म्हणजे या रकमेला गुणायचा आकडा, १६. झाले ६०,४८,०००, वर अंत्यविधी वगैरेची ठरावीक रक्कम आणि व्याज. जखमी माणूस कायमचा अंथरुणाला खिळला तर आकडा याहून वर जातो, कारण सांभाळणाऱ्याचा खर्च जन्मभराचा. जखमीची स्वतःची चूक असेल, मोबाइलमध्ये बघत बॅरिकेड ओलांडला वगैरे, तर त्या प्रमाणात रक्कम कमी होते; दावा बहुधा संपत नाही.

म्हणून दहा लाखांची पॉलिसी म्हणजे विम्याचं खेळणं. इमारतीची आग-भूकंपाची पॉलिसी पाहुण्याच्या इजेला लागू होत नाही. १९९१ चा पब्लिक लायबिलिटी कायदा घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे, नावामुळे गल्लत होते. सोसायटीनं मागायची ती बिगर-औद्योगिक पब्लिक लायबिलिटी पॉलिसी, आणि लिफ्टचं कव्हर त्यात आहे की वेगळं, हे लेखी विचारायचं. मर्यादा दोन असतात: एका घटनेची आणि वर्षाची. आकडेमोड पाहता एका घटनेला एक कोटी हे किमान. स्वतःचे कर्मचारी त्यातून वगळलेले असतात. वॉचमनसाठी वेगळी सोय लागते.

फौजदारी बाजू स्वतंत्र चालते आणि ती विम्यात येत नाही. निष्काळजीपणानं मृत्यू, भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१), पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या ३०४-अ ला दोन होती. गंभीर इजा कलम १२५(ब), तीन वर्षांपर्यंत. बांधकाम पाडताना-दुरुस्त करतानाची हयगय २९० मध्ये आणि पाळीव जनावराची २९१ मध्ये. मोठ्या दुर्घटनेत पोलीस सदोष मनुष्यवधाचं कलमही लावतात, आणि मग जामिनाचा प्रश्न येतो.

घडल्यावर पहिले दोन दिवस

१०८ ला फोन, माणसाला हलवावंच लागलं तर डोकं आणि मान सरळ धरून. इस्पितळात ‘घरी पडला’ असं सांगू नका. खरी जागा सांगून मेडिको-लीगल (पोलिसांकडे जाणारी) नोंद होऊ द्या, कारण खोटी नोंद नंतर दोन्ही बाजूंना छळते. जागा आहे तशी ठेवून मोजपट्टीसह फोटो घ्या. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डर) थोड्याच दिवसांत जुन्यावर नवं लिहितो, म्हणून त्याच दिवशी प्रत काढा. साक्षीदारांची नावं आणि फोन, वॉचमनचं रजिस्टर, लिफ्टचं लॉगबुक, सगळं कुलपात. तुटलेली पायरी दुरुस्त करा, पण पंचनामा झाल्यावर.

विमा कंपनीला लगेच लेखी कळवा. तिच्या संमतीविना ‘चूक आमची’ असं लिहून देऊ नका, पॉलिसी अडकते. इस्पितळाचं डिपॉझिट भरायला मात्र कचरू नका. ‘हक्क अबाधित ठेवून, माणुसकीच्या नात्यानं’ असं पत्र सोबत द्या.

जखमी बाजूनंही तारखा पाळायच्या. इजेच्या दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षं. मृत्यूचा दावा १८५५ च्या फेटल अ‍ॅक्सिडेंट्स कायद्याखाली नवरा-बायको, आई-वडील आणि मुलांसाठी, मृत्यूपासून दोन वर्षं. पैसे देऊन गेलेल्या ठिकाणी, म्हणजे हॉटेल, वॉटर पार्क, भाड्याचा पूल व्हिला, ग्राहक आयोग, दोन वर्षं. सोसायटीत आलेला पाहुणा ग्राहक ठरत नाही. जागा महापालिकेची असेल तर घड्याळ सर्वांत वेगानं पळतं: मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ५२७ प्रमाणे आधी एक महिन्याची लेखी नोटीस, आणि दावा सहा महिन्यांच्या आत.